पायफेरीचे सूत्र आणि पेठांची नावे

जुन्या पुण्यातील पायफेऱ्या आखताना सामान्यतः शनिवारवाडा, कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, विश्रामबागवाडा व मंडई अशी स्थळे योजिली जातात. ती एकमेकांपासून फार दूर नाहीत. हीच या योजनेची सोय आणि हाच तिचा दोष होय. सान्निध्य म्हणजे सूत्र नव्हे. १७३० मध्ये पायाभरणी झालेला वाडा व १८८६ ची मंडई एकापाठोपाठ दाखविल्याने त्यांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही. ज्या सूत्रामुळे एकही स्थळ गाळावे लागत नाही, ते सूत्र नसून केवळ यादी होय.

या दृष्टीने स्थलनामांचे सूत्र अधिक फलदायी ठरते. वारांवरून पडलेली पेठांची नावे आज मूळचीच वाटतात. परंतु रविवार पेठ पूर्वी मलकापूर, सोमवार पेठ शहापूर, शुक्रवार पेठ विसापूर, तर बुधवार पेठ मुहियाबाद म्हणून ओळखली जाई. केवळ वाडे दाखविणारी फेरी नामांचा हा जुना थर अदृश्यच ठेवते. कसब्यातील तांबट आळीत मात्र नाव आणि व्यवसाय अद्यापि एकत्र नांदतात.

तथापि नावावर सर्वस्वी विसंबणेही इष्ट नाही. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती या नावांच्या कथा फेऱ्यांत आवडीने सांगितल्या जातात. अशी कथा ही ती सांगणाऱ्या समाजाच्या कल्पनेचा पुरावा असते. नामाच्या उगमाचा पुरावा ती आपोआप होत नाही. मंडईचे उदाहरण याहून उद्‌बोधक आहे. ‘रे मार्केट’ या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूस पुढे महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी याच वास्तूवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे मत होते. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यास नामातील हा विरोध कळत नाही.

यास्तव तांबट आळीतून निघून बुधवार पेठ व मंडई या क्रमाने गंज पेठेतील फुलेवाड्यापर्यंत जाणारा मार्ग विचारार्ह आहे. वाटेत भिडेवाड्याची जागा लागते. १८४८ मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू झाली. जुनी वास्तू मात्र २०२३ मध्ये पाडण्यात आली. पाहण्यासारखे काही नाही म्हणून यादी हे स्थळ सोडून देईल. नामाच्या सूत्रात मात्र त्याचे स्थान अढळ राहते. गंज पेठेस आज महात्मा फुले पेठ हे अधिकृत नाव असले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडी आहेच. या मार्गात विश्रामबागवाडा येत नाही, असा आक्षेप निघेल. आक्षेप खरा आहे. परंतु काय वगळले आणि का, हे सांगता येणे हीच आखणीची पहिली कसोटी होय.