दोषासकट म्यूझार

शातो म्यूझारची मुरलेली रेड वाइन पेल्यात ओतली की आधी नाकात शिरतो तो व्हिनेगरकडे झुकणारा तिखट वास. पुस्तकी हिशेबाने हा दोषच. ॲसिटिक आम्ल वाढलं की असं होतं, आणि एखादा काटेकोर परीक्षक तिथेच पेला बाजूला सारेल. त्याने जरा थांबावं. हवा लागली की हा वास मागे सरतो आणि त्याच्याआडून सुकलेली चेरी, अंजीर, दालचिनी, कमावलेलं चामडं असं एकेक पुढे येऊ लागतं. पेला तिरका धरला तर कडेला विटकरी झाक दिसते. जिभेवर ती अंगाने हलकीच. तुरटपणा वयाने निवळलेला, आंबटपणा मात्र ताठ. माझ्या मते तोच तिचा कणा. तो काढला तर उरेल नुसता गोडसर, सुस्त रस.

लेबनॉनमध्ये, बैरुतच्या उत्तरेला गझीर गावी गास्तों होशार यांनी १९३० साली ही वाइनरी काढली. द्राक्षं पिकतात ती मात्र डोंगरापलीकडे, बेका खोऱ्यात, सुमारे १००० मीटर उंचीवर. काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान अशा तीन जातींचं हे मिश्रण. काबर्नेमुळे बोर्दोची आठवण येते, तोच सँसोचा सुगंध ती पुसून टाकतो. गास्तोंचे चिरंजीव सर्ज बोर्दोला शिकले, १९५९ मध्ये वाइनचं काम त्यांनी हाती घेतलं आणि तिच्यात शक्य तितका कमी हस्तक्षेप केला. फ्रेंच ओकच्या पिंपात वर्षभर, मग मिश्रण, मग बाटलीत काही वर्षं. बाजारात यायला तोडणीपासून सात वर्षं लागतात.

१९७५ ते १९९० च्या यादवीत बेका ते गझीर ही वाटच जिवावरची झाली. १९७६ साली वाइन झालीच नाही. १९८४ मध्ये द्राक्षं वाटेत इतकी रखडली की गाडीतच आंबू लागली. म्यूझारबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच रेंगाळतात. मला मात्र पेल्यात युद्धाची चव शोधणं भाबडेपणाचं वाटतं. १९७९ साली ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात वाइनतज्ज्ञ मायकेल ब्रॉडबेंट यांनी वाखाणली ती १९६७ ची वाइन होती, यादवीच्या कितीतरी आधीची.

जुनी बाटली हाती आलीच तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. सावकाश ओता, आणि पहिल्या घोटावर मत देऊ नका.