पापाची सत्ता आणि रमाबाईंची साक्ष

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली ‘ए टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ ही आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. पुस्तिका लहान आहे, तथापि आपल्या उपदेशावर तिचा ठसा मोठा आहे. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्त लाभला नव्हता. एवढ्या विदुषीने हे कबूल करावे यात मोठे धैर्य आहे. मात्र या साक्षीचा आपण जो उपयोग करतो, तो तपासून पाहिला पाहिजे.

बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातील एका घरी भरणाऱ्या शास्त्रपाठात मी ही साक्ष सांगितली. दारू सोडून पुन्हा तिच्या आहारी गेलेला एक यंत्रमाग कामगार शेवटी म्हणाला, “फादर, बाईंसारखं मला काहीच झालं नाही. मग माझा बाप्तिस्मा फुकट गेला म्हणायचा का?” दोष माझा होता. एका व्यक्तीचा अनुभव मी सर्वांसाठी मोजमाप करून ठेवला होता.

रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात पौल वाचकांच्या भावनांची चौकशी करीत नाही. तो त्यांना त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण देतो. तेथे ते ख्रिस्ताबरोबर मेले व पुरले गेले. पाप हे या अध्यायात केवळ वाईट कृत्य नसून राज्य करणारा धनी आहे, आणि मेलेल्या दासावर धन्याचा हक्क उरत नाही. मोह संपला असे पौल कोठेही म्हणत नाही. तसे असते तर पापाला राज्य करू देऊ नका, या १२ व्या ओवीतील आज्ञेला अर्थच राहिला नसता. पदच्युत राजाही हुकूम सोडीत राहतो. त्याचा हुकूम कोणी मानला, तर तो मानणाऱ्याचा अपराध होय. तेवढ्याने राजाला गादी परत मिळत नाही.

रमाबाईंवर अन्याय होऊ नये. त्या आपल्यावर गुदरलेले सांगतात. त्याचा नियम आपण केला. शिवाय नोंदवहीत नाव चढले म्हणजे सारे झाले असे मानणाऱ्या आपल्या मंडळ्यांना ही साक्ष योग्य तोच चटका देते. माझ्या मते, त्यांच्या साक्षीचा पौलाशी सर्वांत पक्का मेळ केडगावात बसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणून त्यांना आसरा दिला. आमचे निमाड तेव्हा त्याच प्रांतात होते. त्या कार्याला ‘मुक्ति’ हे नाव मिळाले. मराठी कानाला मुक्ती म्हणजे सर्व बंधनांतून सुटणे वाटते; १८ व्या ओवीप्रमाणे मात्र पापापासून सुटलेला मनुष्य नीतिमत्त्वाचा दास होतो. केडगावची मुक्ती अशी सेवेला जुंपलेली होती.

यास्तव धर्मशिक्षक बंधूंना विनंती आहे की, आधी ६ वा अध्याय शिकवावा व मग ही साक्ष सांगावी. त्या कामगाराला मी पुढल्या बैठकीत म्हणालो, “तुमचा बाप्तिस्मा फुकट गेलेला नाही. उद्या सकाळी हे हात कोणाच्या स्वाधीन करायचे, ते ठरवा.” त्याचा झगडा संपलेला नाही, पण तो शास्त्रपाठाला येतो.