डोळ्यांनी जमवलेली वाद्ये

मागच्या महिन्यात आम्ही अमरावती-अकोल्याकडची आठ-दहा माणसं पुण्याला गेलो आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आलो. त्यातल्या वाद्यांच्या दालनाबद्दल आज बोलायचं आहे.

आधी ऋण मान्य करू. दिनकर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी हे उभं केलं. दिवे, अडकित्ते, दौती, सगळं गावोगाव फिरून जमवलेलं. घरातल्या वस्तूला मान देणारी ही नजर त्या काळात दुर्मीळ होती.

पण वाद्यांपाशी हीच नजर अपुरी पडते, असं आमचं मत झालं. मोराच्या आकाराची मयूरी घ्या. तिच्या घडणीपुढे माणूस खिळून राहतो. मात्र ती कशी वाजत असेल, हा प्रश्न मनात यायला वेळ लागतो. अडकित्ता पाहून कळतो, वाद्य पाहून कळत नाही. जे देखणं, नक्षीचं, ते डोळ्यांत भरतं. साधं वाद्य मागे राहतं.

आमच्यात दर्यापूरकडचे एक खंजिरीवाले काका होते. ते काचेपाशी थांबून म्हणाले, "हे सारं मस्त आहे बाप्पा, पण यातलं वाजते कोनतं?" (हशा) हसू आलं खरं, पण त्याहून नेमकी समीक्षा आम्हाला करता आली नसती.

काच उगाच लावलेली नसते, हेही सांगितलं पाहिजे. ताणलेल्या तारांनी जुनी दांडी वाकते, दमट हवेत चामडं सैल पडतं, जुनं वाद्य रोज वाजवलं तर ते संपतं. म्हणून मूळ वाद्य वाजवा, असं आम्ही म्हणत नाही. त्याचा आवाज तरी शेजारी ठेवा. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात कानाला हेडफोन लावून वाद्य ऐकता येतं. तिथली शंभरेक भारतीय वाद्यं १८७६ मध्ये कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला पाठवलेली!

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. खंजिरी म्हणजे लाकडाचं कडं, चामडं आणि झांजा. वस्तू म्हणून कपाटात ठेवली तर कोण थांबेल? पण तुकडोजी महाराजांच्या हातात तिनं गावंच्या गावं जागी केली. १९५५ साली ती जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत गेली. डहाक्याचंही तेच. डमरूच्या घाटाचं हे मोठं वाद्य गाण्यातल्या कथेशी बांधलेलं आहे. कथा गाणारा गेला की उरतं ते खोड आणि कातडं. ते कपाटात जपता येईल, पण कोणत्या ओळीला ठेका मोडायचा हे त्या खोडावर कुठं लिहिलेलं असतं?

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. तिथं कारागिरांची घराणी आहेत, मागणी आहे. आपल्याकडे डहाका बनवणारा कोण, वाजवणारा कोण, याची साधी यादीही आपण केलेली नाही. हा दोष पुण्याचा नव्हे, आपला.

परतीच्या गाडीत आम्ही काकांचं बोलणं आणि वाजवणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. चाळीस मिनिटं झाली. मध्ये चहावाल्याचा आवाज आहे, तो काढलेला नाही. ज्यांच्या गावात डहाका अजून वाजतो, त्यांनी कृपया व्याख्यानानंतर थांबावं. वही आणली आहे.