गल्ल्यामागचा माणूस कुठे गेला?

जुना मारेकरी नाव बदलून साधासुधा धंदा करत राहतो आणि एक दिवस भूतकाळ त्याच्या दारात येऊन उभा ठाकतो. या कथेवर आपल्याकडे गेली तीस-पस्तीस वर्षं चित्रपट निघत आहेत. त्यांची आजची अवस्था पाहून वाईट वाटतं. मारामाऱ्या कमालीच्या सफाईदार झाल्या, पण ज्या धंद्याआड माणूस लपतो, तो धंदाच पडद्यावरून उठून गेला आहे.

1991 च्या 'हम'मध्ये मुंबईच्या गोदीतला टायगर उटीत शेखर म्हणून राहतो. 1995 मध्ये सुरेश कृष्ण यांच्या 'बाशा'नं हाच धागा चेन्नईच्या रिक्षास्टँडवर नेला. माणिक्कम रिक्षा चालवतो. त्याचा भूतकाळ मुंबईचा. त्याची भूमिका करणारे रजनीकांत म्हणजे बंगळुरूत बस कंडक्टरची नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड. खाकी कपड्यांतला कष्टकरी लोकांपुढे कसा वागतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माणिक्कमला खांबाला बांधून मारतात आणि तो हात उचलत नाही, हा त्या चित्रपटाचा खरा कळस. या रिक्षावर धाकट्या भावंडांची आयुष्यं उभी आहेत हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक फटका आपल्यालाही लागतो. पुढे त्याचा संयम सुटतो तेव्हा लोक शिट्ट्या वाजवतात. मला मात्र दरवेळी हळहळ वाटते, कारण त्यानं जपलेलं काहीतरी त्या क्षणी कायमचं मोडतं.

ही हळहळ पुढे पातळ होत गेली. 'थेरी'त (2016) विजय केरळात बेकरी चालवणारा जोसेफ असतो. 2024 मध्ये त्याचाच हिंदी 'बेबी जॉन' झाला. दोन्हीकडे साधेपणा ही मध्यंतरापर्यंतची सोय आहे.

हा साधेपणा शेवटपर्यंत कसा जपावा, हे बाहेरच्या चित्रपटांत दिसतं. डेव्हिड क्रोनेनबर्गच्या 'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स'मध्ये (2005) इंडियानातल्या छोट्या गावात टॉम स्टॉल खाणावळ चालवतो. दोन दरोडेखोरांना मारून तो गावाचा नायक होतो आणि तिथूनच घर पोखरायला लागतं. मुलगा शाळेत त्रास देणाऱ्याला बदडतो. बायकोला कळत नाही की इतकी वर्षं आपण नांदलो ते कुणाबरोबर. जुना हिशेब मिटवून तो परततो तेव्हा घरचे जेवायला बसलेले असतात. कुणी बोलत नाही. लहान मुलगी उठून त्याच्यासाठी ताट मांडते. त्याला माफी मिळाली की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

लोकेश कनगराज यांच्या 'लिओ'नं (2023) हीच गोष्ट हिमाचलातल्या ठियोगला नेली. कॅफेतली मारामारी उत्तम बांधली आहे, विजयनंही धास्तावलेला गृहस्थ मनापासून उभा केला आहे. तरीही अखेरीस फोन वाजतो आणि नायकाला दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटातल्या विक्रमचं बोलावणं येतं. बायकामुलांचं पुढे काय, हा प्रश्न पुढच्या चित्रपटाच्या जाहिरातीखाली दबून जातो. ही मला या प्रकाराची सर्वांत मोठी हार वाटते.

याउलट क्लिंट ईस्टवुडच्या 'अनफरगिव्हन'मध्ये (1992) म्हातारा मारेकरी आजारी डुकरांमागे चिखलात लोळतो, घोड्यावर नीट चढू शकत नाही. तिथे कष्ट आधी दिसतात, मग हिंसा. म्हणून तिचं ओझं कळतं. मराठीत 'मुळशी पॅटर्न'नं (2018) जमीन गेलेल्या बापाची चौकीदारी अशीच निष्ठेनं दाखवली, पण ती गुन्हेगारीकडे जाणारी वाट होती. परतून आलेल्याची गोष्ट मराठी लेखकांनी आता लिहावी, आणि त्याच्या हातात पिस्तूल देण्याआधी त्याला निदान अर्धा तास दुकान चालवू द्यावं.