स्वीकारले तेवढे सारे बरोबर?

शू लिन आणि डॅनियल कॉस्टेलो यांचा ‘एरर कंट्रोल कोडिंग’ हा ग्रंथ १९८३ साली निघाला. दुसरी आवृत्ती २००४ साली आली. त्यातील पुनःप्रेषणाचे प्रकरण शिक्षकांनी अवश्य वाचावे, मात्र हातात पेन्सिल घेऊन.

विषय तसा सोपा आहे. संदेशाचे गठ्ठे करायचे, प्रत्येकाला तपासणीचे बिट जोडायचे आणि पलीकडे चूक आढळली की तो गठ्ठा पुन्हा मागवायचा. याच्या तीन रीती आहेत. पहिलीत दर गठ्ठ्यानंतर उत्तराची वाट पाहतात. दुसरीत न थांबता पाठवत राहतात, पण चूक कळली की त्या गठ्ठ्यापासून पुढचे सारे पुन्हा पाठवतात. तिसरीत चुकलेला तेवढाच पुन्हा जातो.

या तिन्हींना ग्रंथकार ‘थ्रूपुट’ या एका मापाने मोजतात. जेवढी माहिती पाठवता आली असती, तिच्यापैकी किती स्वीकारली गेली, याचे हे प्रमाण. त्याचे सामर्थ्य उदाहरणाने पटते. भूस्थिर उपग्रहामार्फत संदेश जाऊन उत्तर यायला सुमारे ०.४८ सेकंद लागतात. वेग सेकंदाला ६४,००० बिट, गठ्ठा १,००० बिटांचा आणि दर १०,००० बिटांत सरासरी १ चूक, असे धरू. तपासणीचे बिट तूर्त सोडून दिले, तर पहिल्या रीतीचे थ्रूपुट जेमतेम ३ टक्के, दुसरीचे सुमारे २३ आणि तिसरीचे ९० टक्के येते. इतकी स्वच्छ तुलना हेच या प्रकरणाचे मोठे यश.

अडचण ‘स्वीकारली’ या शब्दात आहे. न सापडलेली चूक घेऊन आलेला गठ्ठाही या सूत्रात स्वीकारलेल्यांतच मोजला जातो. समजा, तपासणीला एकच समता-बिट आहे आणि दर १,००० बिटांत सरासरी १ चूक होते. मग १,००० बिटांच्या १०० गठ्ठ्यांपैकी सुमारे ५७ स्वीकारले जातील. पण त्यांतले २० चुकीचे असतील, कारण सम संख्येतील चुका समता-बिटाला दिसतच नाहीत. तपासणीच केली नाही, तर थ्रूपुट थेट १०० टक्के! सर्वांना उत्तीर्ण करणाऱ्या परीक्षकाचा निकालही असाच लागतो. ग्रंथात विश्वसनीयतेचे माप वेगळे दिले आहे आणि चांगल्या संहितेत अशा चुका नगण्य असतात, हे मान्य. तरीही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय विद्यार्थ्याला हा धोका दिसत नाही.

दुसरा आक्षेप बिनतारी माध्यमापुरता आहे. मूळ सूत्रे चुका स्वतंत्रपणे विखुरलेल्या धरतात. १० लाख बिटांत अशा १०० चुका झाल्या, तर १,००० गठ्ठ्यांपैकी सुमारे ९५ बिघडतील. त्याच चुका जवळजवळच्या २०-२० च्या ५ झुबक्यांत आल्या, तर फार तर १० बिघडतील. म्हणजे सूत्र येथे उगाच निराशा दाखवते. उलट, संकेत क्षीण असताना लगेच पुन्हा पाठवलेला गठ्ठाही बहुधा बिघडतो. तेथे सूत्र फाजील आशा दाखवते. सरासरी तीच, वास्तव निराळे.

म्हणून हे प्रकरण वर्गात जरूर शिकवावे. मात्र प्रत्येक थ्रूपुटच्या आकड्यापुढे विद्यार्थ्यांना दोन प्रश्न लिहायला लावावेत : यातले बरोबर किती? आणि चुका आल्या कशा, विखरून की झुबक्याने?