पोत आणि अक्षर

आमच्या निंबर्ग्यात वर्तमानपत्रे दोन भाषांत येतात आणि रद्दीत एकाच सुतळीने बांधली जातात. त्याच रद्दीतून व हातकागदाच्या थोड्या तुकड्यांतून दहावीतल्या एका मुलीने आपल्या घराचे कोलाज केले. शाळेच्या चित्रप्रदर्शनातले ते सर्वांत धाडसी चित्र. म्हणूनच त्याच्या दोषांविषयी लिहावेसे वाटते.

पहिला दोष पोताचा. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा, चाळणीवर उचललेला. तंतू चहूकडे पडतात, त्यामुळे फाडला की कड लोकरीसारखी सुटते. पुण्यात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागद ज्याने बोटांनी चाचपला आहे, त्याला या कडेचा मोह समजेल. मुलीने भिंत, दार, आभाळ सगळेच फाडून लावले. सगळेच खरखरीत, मग भिंतीचा खरखरीतपणा दिसावा कसा? मी दार कात्रीने सरळ कापायला लावले, आभाळाला गुळगुळीत कागद दिला. त्यासरशी भिंत पुढे आली. खळ लावण्याआधी तुकडे नुसते मांडावेत आणि डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे पुसले जाऊन अंधार-उजेडाचे ठोकळे तेवढे दिसतात. रचना फसली असेल तर तिथेच कळते. (खळ फार पातळ केली की कागद फुगतो, ते दुखणे निराळे.)

दुसरा दोष मात्र माझा. भिंतीच्या विटा वर्तमानपत्राच्या होत्या, खाली कन्नड, वर मराठी. बारीक छपाई दुरून करड्या रंगासारखी दिसते. मथळे मात्र वाचले जातात. पिकासोने 1912 च्या वेताच्या खुर्चीच्या चित्रात तीन अक्षरे रंगवली. फ्रेंच न येणाऱ्याला ते नुसते आकार, पॅरिसकराला अर्धा शब्द. आमच्या भागात दोन्ही लिप्या वाचणारे घरोघर. इथे अक्षराचा नुसता आकार उरतच नाही. कोणती भाषा वर, हे पाहुणे आधी बघणार, या धास्तीने मी तिला मथळे उलटे चिकटवायला सांगितले.

रचना सुधारली यात शंका नाही. भिंत एकजीव झाली, नजर दारापाशी थांबू लागली. प्रदर्शनानंतर मुलगी एवढेच म्हणाली, “सर, खालच्या विटा आजीच्या होत्या.” तिची आजी कन्नड बोलते.

त्या विटा सोडवून पाहाव्यात म्हणून मी एक कोपरा ओला केला. रद्दीचा कागद लगेच फाटला. खालचा हातकागद तसाच राहिला.