सामना जिंकल्यानंतरचं काम : 'झुंड'चं एक वाचन

नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मधला सर्वांत रंगलेला सामना पूर्वार्धातच होऊन जातो. एका बाजूला कॉलेजचा संघ, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडच्या वस्तीतली पोरं. वस्ती वाजतगाजत मैदानावर येते, तिचा संघ आधी सपाटून मार खातो, मग सावरतो आणि शेवटी जिंकतो. दुसऱ्या कुणी दिग्दर्शकाने हा सामना शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवला असता. मंजुळे तो आधीच उरकतात आणि जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध मोकळा ठेवतात. त्या उत्तरार्धात फुटबॉल कमी आणि धावपळ जास्त आहे : दाखले, पासपोर्ट, पोलीस, कोर्ट, विमानतळ. ४ मार्च २०२२ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा हा भाग लांबला अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. मला मात्र चित्रपटाचा जीव याच भागात आहे असं वाटतं. कॉलेजचा एखादा संघ चार-पाच वर्षं चमकून विझतो आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. असं का होतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत मिळालेलं नाही.

'झुंड'कडे वस्तीचा चित्रपट म्हणून पाहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला विजय बोराडे हा कॉलेजातला क्रीडाशिक्षक आहे. मैदान कॉलेजचं आहे, भिंतही कॉलेजची आहे. ज्यांच्यावरून हे पात्र बेतलं ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१च्या सुमारास त्यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. म्हणजे एका कॉलेजात आयुष्य घालवलेल्या माणसाने कॉलेजच्या कुंपणाबाहेर जो उपक्रम उभा केला, तो दोन दशकांहून अधिक काळ टिकला. चित्रपट पाहताना मी हे सतत मनात धरून होतो.

पावसातलं दृश्य घ्या. बोराडे घरी निघालेत, धो धो पाऊस आहे, आणि पोरं एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा लाथाडत खेळताहेत. बोराडेंच्या भूमिकेतले अमिताभ बच्चन इथे काहीही करत नाहीत. ते फक्त थांबतात. प्रशिक्षकाच्या नजरेचा अभिनय करायचा मोह कुणालाही झाला असता, पण चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंदसुद्धा नाही. वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेला उभा राहिलेला माणूस जसा पाहील तसं ते पाहतात. मग चेंडू येतो, आणि अर्धा तास खेळलात तर पाचशे रुपये देईन, ही बोलीही येते. मुलांना हा म्हातारा खुळा वाटतो. रोज पैसे घेऊन ती खेळतात. एक दिवस बोराडे सांगतात, आज पैसे नाहीत. पोरं चुळबुळतात, आणि थोड्या वेळाने फुकट खेळायला तयार होतात.

हा प्रसंग हसत हसत निघून जातो, म्हणून त्यातली कारागिरी नजरेतून निसटते. बोराडेंनी विकत घेतला तो खेळ नव्हता, तर दिवसातला ठरावीक अर्धा तास होता. त्या वेळेची सवय अंगात मुरल्यावर पैसे बंद केले. कुठल्याही कॉलेजच्या संघाची खरी कसोटी इथे आहे. स्पर्धेची नोटीस लागल्यावर गोळा होणारे अकरा जण आणि नोटीस नसताना संध्याकाळी पाच वाजता मैदानावर दिसणारे अकरा जण, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेळगावात आमच्या अनगोळातून टिळकवाडीच्या लेले मैदानाकडे सायकलच्या हँडलला बूट अडकवून जाणारी पोरं मी पाहत आलो आहे. ती कुठल्या संघाची हे मला नेहमी कळत नाही. पण पावसाची भुरभुर असतानाही जी निघतात, त्यांचा संघ पुढच्या वर्षीही असणार एवढं कळतं.

यानंतरचं एक दृश्य मला चित्रपटात सर्वांत मोलाचं वाटतं. मुलं बोराडेंच्या घरी बसली आहेत आणि एकेक जण स्वतःबद्दल सांगतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा चेहऱ्यांवर स्थिरावतो, संगीत मागे सरतं, आणि क्षणभर आपण सिनेमा पाहतोय की माहितीपट, असा प्रश्न पडतो. यातले बहुतेक चेहरे पहिल्यांदाच पडद्यावर आलेले, नागपूरच्याच वस्त्यांतले. त्यांच्या बोलण्यात पाठांतराचा वास नाही. बोराडे उपदेश करत नाहीत, ऐकतात. प्रशिक्षकाला खेळाडूचा उजवा पाय माहीत असतो, डावा किती कच्चा आहे तेही माहीत असतं. त्याच्या घरी संध्याकाळी कोण असतं आणि काय होतं, हे माहीत असणारा प्रशिक्षक मात्र विरळा. संघ टिकतो तो त्याच्या जिवावर.

आता पुन्हा त्या सामन्याकडे. कॉलेजच्या संघाला चित्रपट खलनायक करत नाही, ही मला दिग्दर्शकाची सभ्यता वाटते. त्यांच्याकडे बूट आहेत, पोशाख आहे, शिस्त आहे, सराव आहे. मग ते हरतात कशाने? जिद्दीने गरिबीवर मात केली, असं वरवरचं उत्तर देता येईल. मला वेगळं दिसतं. वस्तीच्या संघाच्या मागे अख्खी वस्ती उभी आहे, कॉलेजच्या संघाच्या मागे फक्त कॉलेज. आणि कॉलेजचा संघ मुळातच तात्पुरता असतो. पदवीची तीन वर्षं. पहिल्या वर्षी पोरगं बावरलेलं, दुसऱ्या वर्षी तयार, तिसऱ्या वर्षी संघाचा कणा, आणि चौथ्या वर्षी पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीच्या शोधात. दर तीन वर्षांनी विहीर उपसून रिकामी होते आणि झरे जिवंत असतील तरच पुन्हा भरते.

निपाणी ओलांडून कोल्हापुरात गेलं की याच्या अगदी उलटं चित्र दिसतं. तिथले संघ तालमींच्या नावाने खेळतात : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. तिथला खेळाडू पेठेत जन्मतो, पेठेच्या संघातून खेळतो, गुडघा गेला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून ओरडतो आणि पोराला त्याच संघाचा शर्ट चढवतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हा मला योगायोग वाटत नाही. तालमीला माणूस आयुष्यभर मिळतो, कॉलेजला तीन वर्षं. म्हणून कॉलेजच्या संघात स्मृती सांभाळणारा कुणीतरी हवा : एखादा क्रीडाशिक्षक, मैदानाची देखभाल करणारा जुना शिपाई, दर रविवारी येऊन सरावात भाग घेणारा माजी कर्णधार. तो नसेल तर दर जूनमध्ये संघ पहिल्यापासून शिकायला लागतो.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा वेगळाच खेळ, आणि त्यामागे पैसा अफाट. पण दुखणं हेच. अलाबामा विद्यापीठात पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षं संघ सांभाळला आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ते गेले. मैदान तेच, पैसा तोच, प्रेक्षक तेच. तरी २००७ मध्ये निक सेबन येईपर्यंत विद्यापीठाच्या वाट्याला एकच विजेतेपद आलं, १९९२चं. मग सेबन यांच्या काळात पुन्हा सहा. दोन माणसांच्या मधली ही पोकळी पाहिली की कळतं, इतक्या साधनसंपन्न ठिकाणीही संघ एका माणसाच्या खांद्यावर तोललेला होता.

'झुंड'चा उत्तरार्ध नेमका इथे शिरतो. संघ तयार झाला, जिंकला, देशभरातून खेळाडू निवडले गेले, परदेशी जायचं ठरलं, आणि आता कागद हवेत. रिंकू राजगुरूने केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी. तिची निवड झाली आहे, पण ती कोण आहे हे सिद्ध करणारा पुरावा तिच्याकडे नाही. बाप-लेक दाखल्यासाठी या दारातून त्या दारात जातात. मंजुळे हा प्रवास घाईने कापत नाहीत. पायपीट तिच्या खऱ्या लांबीसह दाखवतात आणि प्रेक्षकालाही दमवतात. बापाच्या चेहऱ्यावर राग नाही, याचना नाही. ओळख मागणाऱ्या टेबलासमोर उभं राहण्याची सवय असलेल्या माणसाची ती शांतता आहे.

सीमाभागातल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत नसलेला अर्ज भरताना शेजारच्याला विचारणं, नावाचं स्पेलिंग एका दाखल्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असणं, त्यासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र करणं, हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणाऱ्या कॉलेजच्या खेळाडूलाही दहावीचं गुणपत्रक, जन्मतारखेचा पुरावा, पीयूसीचा म्हणजे बारावीचा निकाल, प्राचार्यांची सही असं बाड घेऊन फिरावं लागतं. बेळगावची कॉलेजं आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आली. विद्यापीठ बदललं तरी फॉर्म तसाच राहिला. उत्तम खेळणारा पोरगा निवडीच्या दिवशी एका सहीअभावी बाहेर बसतो, आणि पुढच्या वर्षी खेळायलाच येत नाही. खेळाच्या बातम्यांत हे कधी छापून येत नाही. संघ असाच आतून पोखरला जातो. म्हणून टेबलाशी जाऊन उभा राहणारा, बस पकडून विद्यापीठात खेटे घालणारा क्रीडाशिक्षक मला डावपेच आखणाऱ्या प्रशिक्षकाइतकाच मोठा वाटतो. बोराडे कोर्टात मुलांच्या बाजूने बोलतात तो प्रसंग अनेकांना भाषणबाजी वाटला. मला ती या कामाची शेवटची पायरी वाटते. मैदानावर सुरू झालेली जबाबदारी न्यायाधीशासमोर जाऊन पोचते, आणि बोराडे ती मध्येच टाकून देत नाहीत.

विमानतळावरचा प्रसंग तर अप्रतिम. अंकुश गेडामने साकारलेला डॉन सुरक्षा तपासणीत अडकतो. यंत्र पुन्हा पुन्हा वाजतं, आणि त्याच्याकडे ब्लेड निघतं. हे ब्लेड त्याच्या जुन्या जगण्याचं आहे. ते टाकल्याशिवाय त्याला पुढे जाता येणार नाही. दिग्दर्शक इथे एकही वाक्य खर्चत नाही. विमान उडतं, खाली वस्ती आणि ती भिंत दिसते, भिंतीवर ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना दिसते, आणि चित्रपट संपतो. स्पर्धा दाखवलीच जात नाही. संघ जिंकला की हरला, कळत नाही. हा निर्णय धाडसी आहे आणि विषयाशी प्रामाणिक आहे. चषकाच्या हिशेबाने हे काम मोजायचंच नाही, असं दिग्दर्शकाने आधीच ठरवलेलं दिसतं.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्याचं कारण नाही. सराव चित्रपटात फार त्रोटक दिसतो. डबा लाथाडणारी पोरं पास देणं, जागा धरणं, एकमेकांना हाक मारणं कशी शिकली, याला चार-दोन झटपट दृश्यं पुरत नाहीत. फुटबॉल जाणणाऱ्या प्रेक्षकाला इथे चुटपुट लागते. मुलींच्या वाट्याला वेळ थोडा आला. नवऱ्याने टाकलेली रझिया मैदानावर उतरते ती कथा स्वतंत्र चित्रपटाची आहे, आणि ती ओझरती येऊन जाते. सर्वांत मोठी उणीव पुढची आहे : बोराडेंनंतर कोण? नायकाचं वय स्पष्ट दिसत असताना चित्रपट या प्रश्नाला म्हणावी तेवढी जागा देत नाही. इतका वेळ हातात असताना ती द्यायला हवी होती.

नागपूरने तो प्रश्न प्रत्यक्षात सोडवला. बारसेंनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून शहराजवळ जागा घेतली, म्हणजे मैदान दुसऱ्याच्या मर्जीवर राहिलं नाही. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतला आणि त्याने संस्थेची घडी बसवली. आणि वस्तीत खेळून वाढलेले खेळाडूच पुढे नव्या मुलांचे प्रशिक्षक झाले. २०१६ मध्ये फिफाने 'स्लम सॉकर'ला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला, त्यामागे ही व्यवस्था उभी होती.

बेळगावातही याचा एक धागा आहे, शाळेच्या पातळीवरचा. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी यांच्या स्मरणार्थ आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा कित्येक दशकं भरते आहे, आणि ती भरवतात शाळेचे माजी विद्यार्थी. मुख्याध्यापक बदलले, मुलांच्या कितीतरी तुकड्या आल्या नि गेल्या, पण स्पर्धा राहिली, कारण ती शाळा सोडून गेलेल्यांनी आपल्या अंगावर घेतली. तिथे खेळून मोठी झालेली पोरं पुढे आमच्या कॉलेजांत जातात. तिथे मात्र तीन वर्षं संपली की त्यांना पुन्हा मैदानावर बोलावणारं कुणी नसतं. आपल्या कॉलेजांनी निदान शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचे फोन नंबर लिहून ठेवावेत आणि जूनमध्ये पहिल्या सरावाच्या संध्याकाळी त्यांना बोलावून घ्यावं. याला ना अनुदान लागतं, ना कुणाची मंजुरी.